खाऱ्या मातीची पाटी

॥ श्री ॥
निंबळवाडी, ता. २७ एप्रिल १९५८

चि. दत्तूस ताईचे अनेक आशीर्वाद. उ. वि.

तुझं कार्ड पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण माझ्याकडं माणसं होती. हसू नकोस. पदरी मूलबाळ नाही, नवरा जाऊन पाच वर्षं झाली, अशा बाईकडं कोण येणार असं तुला वाटेल. पण वैशाखाच्या तोंडाला येतं बाबा, सगळं गाव येतं. माझ्या शेतातली खारी माती न्यायला.

तुझ्या कचेरीतले शेतकीचे साहेब जमिनीची हकीकत विचारतात म्हणून सगळं लिहिते. वाटणीत दिरांनी तेरणाकाठची ही चोपण जमीन माझ्या नावावर केली नि आपण लातूरला बिऱ्हाड हलवलं. घरात ही कुणाला नको होती नि मीही नको होते, म्हणून आम्हा दोघींची जोडी लावून दिली. पुराचं पाणी आलं की जायचं नाव घेत नाही. श्रावणात साचलेलं दसऱ्यापर्यंत तसंच, वर काळपट तवंग, पण खाली मुरेल तर शपथ. ओली असताना पायाला गुळासारखी चिकटते, वाळली की ढेकूळ पहारीनं फोडावं लागतं. पाणी ओसरून पेरणीजोगा वापसा म्हणून काही असतो हे तिला ठाऊकच नाही. उन्हाळ्यात पांढरी पापडी धरते नि अशा भेगा पडतात की गेल्या साली माझा विळा आत गेला तो गेलाच. विहिरीच्या पाण्यानं हात धुतले तर साबण राहिल्यासारखे बुळबुळीत लागतात. पेरलेलं बी आतल्या आत कुजतं, माजतात त्या बाभळी. शेत वाट्यानं करणारे चाँदपाशा म्हणतात, ही जमीन घडवताना देवाला पिकाची आठवणच राहिली नाही.

पण जी माती पाणी पोटात घेत नाही, तीच घरावरच्या माळवदाला लागते. मृगाच्या आधी धाब्यावर ती पसरून चोपली की घरात थेंब येत नाही. भरली पाटी एकट्या माणसाला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्यानं हात लावावा लागतो. नि आमच्या गावची रीत अशी की ज्याची माती, त्यानं पहिली पाटी उचलून द्यायची. एरवी संक्रांतीचं वाण माझ्या दारावरून पुढं जातं. त्या दिवसांत मात्र गावच्या सवाष्णी माझ्यापुढं डोकं वाकवून उभ्या राहतात, नि माझ्या हाताचा विटाळ कुणाला होत नाही. शेजारची रुद्रम्मा तर मुद्दाम शेवटी येते नि बाभळीखाली भाकरी सोडून माझ्याशी बोलत बसते. मग सगळे जातात. मग मी पुढच्या वैशाखाची वाट बघते.

सौ. शामलाला आशीर्वाद. माया आहे तशी ठेव, पत्र मात्र लवकर धाड.
तुझी ताई

॥ श्री ॥
उस्मानाबाद, ता. ११ मे १९५८

ती. गं. भा. ताईच्या सेवेशी, बालके दत्तूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं (वाटणीचा मजकूर गाळून). ते म्हणाले, तुमच्या ताईंनी कचेरीत यावं, आमचे अहवाल इतके नीट नसतात. त्यांच्या मते जमीन मेलेली नाही, आजारी आहे. तिच्यात एक क्षार बसलाय. त्यानं मातीचे कण लोण्यासारखे लिंपले जातात, म्हणून पाणी नि हवा दोन्ही आत जात नाहीत. उपाय असा. नदीकडं उताराचे चर खणायचे, पावसाआधी जिप्समची पूड पसरायची, मग हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून फुलावर आला की गाडायचा. पोती मी गाडीनं पाठवतो.

आता माझं. तू तिथं एकटी दिवा लावून बसतेस हे मनात आलं की घास उतरत नाही. शामलानं मागची खोली सारवून तुझ्यासाठी ठेवली आहे. पुढच्या दोन हंगामांत शेतानं तुला पोटापुरतं दिलं, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही दिलं, तर मीच गाडी जुंपून येईन आणि तुला तुझ्या देव्हाऱ्यासकट घेऊन जाईन. तुला हट्टी म्हणायची माझी प्राज्ञा नाही, पण हट्टात मीही तुझाच धाकटा भाऊ आहे हे विसरू नकोस.

चुकलं तर कान पिळ, पण नजरेआड करू नकोस.
आज्ञाधारक दत्तू

॥ श्री ॥
निंबळवाडी, ता. ९ नोव्हेंबर १९५८

चि. दत्तूस अनेक आशीर्वाद.

पोती पोचली, पूड पसरली, धैंचा गाडला. चर खणताना चाँदपाशांनी दोन कुदळींचे दांडे मोडले नि तुझ्या साहेबांच्या नावानं जे काही पुटपुटले ते मी ऐकलं नाही असं समज. नदीकडच्या कोपऱ्यात बाभळींची मुळं आडवी आली, तेवढा तुकडा तसाच सोडला, तिथं पूडही टाकली नाही. बाकी शेतातनं पाणी चरांवाटे गेलं रे! पहिल्यांदाच. मी बांधावर उभी राहून वाहतं पाणी बघत होते. ही गंमत कुणाला तरी हाक मारून दाखवावी वाटलं, पण हाक कुणाला मारणार?

ज्वारी पातळच आली, पण आली. तुझी अट मला मान्य आहे. मात्र मी का अडून बसते ते तुला सांगायला हवं. शामला लाखात एक आहे. तुमच्याकडं मला काही कमी पडणार नाही. पण तिथं माझ्या हातावाचून कुणाचं काही अडणार नाही, मी खोलीत बसून जेवणाची हाक ऐकत राहीन. इथं वर्षातनं एकदा का होईना, माझ्यावाचून गावाची पाटी उचलत नाही. तेवढ्यावर माझं वर्ष निघतं. ते सुटलं तर माझ्याकडं काय राहतं?

थंडी पडलीय, कानाला बांधून कचेरीत जा. आमची आठवण काढतोस तशी काढत जा.
तुझी ताई

॥ श्री ॥
निंबळवाडी, ता. ५ जुलै १९५९

चि. दत्तूस आशीर्वाद.

लिहायला हात होत नाही, पण तुला नाही तर कुणाला लिहू? यंदा गाव नेहमीसारखं माती न्यायला आलं. दरवर्षीचा खड्डा ठरलेला, त्यातूनच नेली. त्या खड्ड्यावर पूड पडली होती, धैंचा गाडला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण माळवदाशी त्याचा काही संबंध असेल हे ना माझ्या मनात आलं ना त्यांच्या. पहिली पाटी मी एकेकीच्या डोक्यावर देत गेले, आनंदानं.

आर्द्रात पाऊस लागून राहिला नि गावातली माळवदं गळायला लागली. एकही घर सुटलं नाही. माझ्या घरात परातीसुद्धा पुरल्या नाहीत, पण माझं जाऊ दे. रुद्रम्माची सून बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. तिच्या खाटेवर धार लागली, लेकराला घोंगडीत गुंडाळून रात्रभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवलं. सकाळी रुद्रम्मा माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पावसात उभी राहून एवढंच म्हणाली, "चंद्रक्का, तुझी माती इमानाची राहिली न्हाय." नि गेली.

तेव्हापासून पाणवठ्यावर मी गेले की बायकांचं बोलणं थांबतं. चाँदपाशा सांगून बघतात, पण त्यांचंही घर गळतंय. लेकराला ताप आला होता, आता उतरलाय म्हणे. मला विचारायला जाताही येत नाही.

माझ्यावर रागावू नकोस.
ताई

॥ श्री ॥
उस्मानाबाद, ता. १४ जुलै १९५९

ती. ताईच्या सेवेशी सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून शामला रडली. मी साहेबांना गाठलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, जमीन बरी झाली याची ही खूणच आहे. आता ती पाणी मुरवते, मग ती शेतात मुरवील तशी माळवदावरही मुरवील. ताई, हे आधी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी कचेरीतला, माळवदाखाली वाढलेला, तरी नाही आलं.

आता त्या माणसांत कशाला राहतेस? अट राहू दे बाजूला. नुसतं 'ये' म्हण, मी पाऊस असला तरी निघतो. खोली कोरडी आहे.

नाही म्हणालीस तरी माझा जीव तुझ्याकडंच.
दत्तू

॥ श्री ॥
निंबळवाडी, ता. ७ फेब्रुवारी १९६०

चि. दत्तूस आशीर्वाद.

तू जिंकलास नि मीही जिंकले. शाळू डोक्यावर गेलाय. कणसं मुठीत मावत नाहीत. माती हातात घेतली तर भुसभुशीत होते, गांडुळं निघतात. चाँदपाशा रोज एक फेरी जास्तीची मारतात, नुसतं बघायला. पोटापुरतं काय, वर्ष निघून उरेल. तेव्हा आता गाडी जुंपू नकोस.

हुरड्याला मी घरोघर सांगून आले. शेंगदाण्याची चटणी केली, दही लावलं, बाभळीखाली घोंगडी अंथरली. कुणी आलं नाही. चाँदपाशा नि मी बांधाच्या दोन टोकांना बसून खाल्ला. गोड होता रे, फार गोड होता.

शामलासाठी पहिल्या वाळलेल्या कणसांचं पीठ धाडते. आठवण असू दे, बाकी मला काही नको.
तुझी ताई

॥ श्री ॥
उस्मानाबाद, ता. २१ फेब्रुवारी १९६०

ती. ताईस सा. न. वि. वि.

पिठाच्या भाकरी साहेबांनाही पोचवल्या. ते इतके खूश झाले की नदीकडचा राहिलेला कोपराही सुधारून टाकू म्हणतात. जिप्समची पोती मृगाआधी पाठवतो. कबूल केल्याप्रमाणे खोलीचं नाव काढत नाही, पण ती अजून कुणाला दिलेली नाही.

आशीर्वादाचा हात काढून घेऊ नकोस.
दत्तू

॥ श्री ॥
निंबळवाडी, ता. ८ मे १९६०

चि. दत्तूस नि सौ. शामलास अनेक आशीर्वाद.

यंदा वैशाखात माझ्या बांधावर कुणी फिरकलं नाही. गावानं पलीकडच्या शिवारातून गाड्यांनी माती आणायचं ठरवलं. मला माझं माळवद तरी नीट करायला हवं होतं, म्हणून बाभळींच्या कोपऱ्यात गेले. तिथं तीच पांढरी पापडी, त्याच भेगा. मातीचं आळं करून त्यात तांब्याभर पाणी ओतलं नि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर पाणी तसंच, वर ऊन चमकतंय. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पाटी भरली. नि मग लक्षात आलं की उचलून द्यायला कोणी नाही. चाँदपाशा लेकीकडं गेलेले. गुडघ्यावर घेऊन बघितली, पडली. पुन्हा भरली. अर्धी भरून नेता आली असती, पण मेलं तेही सुचेना. पाटीशेजारी बसले नि रडले, लहान पोरीसारखी.

रुद्रम्मा धुणं घेऊन नदीवर निघाली होती. थांबली. पाटीकडं बघितलं, मग आळ्यातल्या पाण्याकडं. वाकून आळ्याच्या तळाशी बोट घातलं, नखानं उकरून बघितलं. आतली माती कोरडी. धुणं खाली ठेवलं, पाटीला हात लावला, माझ्या डोक्यावर दिली नि आपल्या वाटेनं गेली.

आज सकाळी दारात उभी. काखेत पाटी, मागं सून, सुनेच्या कडेवर ते लेकरू. गुटगुटीत झालंय रे, चार दात आलेत. मी पुढं झाले, त्या मागून. कोपऱ्यात गेल्यावर रुद्रम्मानं स्वतः खणली, स्वतः भरली, नि माझ्यापुढं डोकं वाकवून उभी राहिली. मी लेकराकडं बघत होते. तेव्हा म्हणाली, "लाव की हात, अक्का. लेकराच्या डोक्यावर छप्पर पायजे."

तेव्हा दत्तू, ती पोती धाडू नकोस. साहेबांना माझा नमस्कार सांग, म्हणावं तुमच्या औषधानं बाकीचं शेत बरं झालं, उपकार आहेत. पण तेवढा कोपरा आजारीच राहू द्या.

शामला, मागच्या खोलीत आता सरपण भर, पावसाळा तोंडावर आहे. मी दिवाळीला येईन, पाहुणी म्हणून. आता पत्र पुरं करते, उद्या गाव येणार आहे.
तुमची ताई