यादीतला तिसरा

ती. आईस, दुरूनच पाया पडते.

मी ठीक आहे. आधी एवढं वाच, घोटभर पाणी पी, मग पुढचं वाच.

नव्या घरात इंटरनेट घेतलं. कॉम्प्युटर कोरा, राउटर कोरा, तरी काम गोगलगाईच्या चालीनं. चार दिवस डोकं आपटून शेवटी इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्यानं कॉम्प्युटरवर यादी काढली आणि विचारलं, "ताई, घरात कोण कोण असतं?"

"मी एकटीच."

"मग तिघं कसे जोडलेत? तुमचा फोन, हा कॉम्प्युटर आणि हा तिसरा फोन कुणाचा?"

म्हटलं, असेल कुणी फुकट्या शेजारी. तर म्हणाला, "पासवर्ड माहीत असल्याशिवाय जोडता येत नाही. आणि सिग्नल जेमतेम जिन्यापर्यंत जातो."

पासवर्ड मी 'भोपळेबाई' ठेवला होता. तुझ्याशिवाय मला असं कोण म्हणतं? मग आठवलं, लग्नात तूच हौसेनं जावयाला सांगितलं होतंस. किती हसलो होतो आपण!

पासवर्ड लगेच बदलला, दाराला दुसरी कडी बसवली. तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस. गुडघे काय म्हणतात? गोळ्या वेळेवर घेतेस ना?

यादीत आता दोनच नावं आहेत. पण जिन्यातलं खोकणं ओळखीचं वाटतं.

एकच विचारते, रागावले नाही. त्याचं घर सोडल्यावर हा पत्ता मी फक्त तुलाच कळवला होता. जावई येऊन गोड बोलून गेले का गं?

तुझीच,
पण यापुढे पाकिटावर माझं नाव घालू नकोस.