दाराशी बसलेली

४ मार्च

मिळाली!

आता नीट लिहिते. मास्तर छापखाना बंद करतायत. अक्षरांचा नव्हे, चित्रांचा छापखाना – तांब्याच्या प्लेट, शाई आणि हाताने फिरवायचं ते अजस्र चाक. जन्मभर चित्रकारांच्या प्लेट छापून दिल्या, आता गुडघे नको म्हणतात. टिपकागदांचे गठ्ठे न्यायचे तर ने, म्हणाले, नाहीतर रद्दीत जातील. मी ते माझी चित्रं मध्ये घालून ठेवायला वापरते. गठ्ठा तिथेच चाळला आणि दोन टिपकागदांच्या मध्ये – ‘दाराशी बसलेली’. सही नाही. क्रमांक नाही.

बाई म्हणजे ज्यांच्या प्लेट मास्तर छापायचे त्या चित्रकार; त्यांच्या या चित्राच्या फक्त बारा प्रती आहेत. ज्यांच्याकडे आहेत ते सोडत नाहीत. मी आजवर एकच पाहिली, एका बँकेच्या भिंतीवर, काचेत ट्यूबलाइट चकाकत होती त्यामुळे अर्धीच. आणि ही तेरावी, माझ्या हातात.

मास्तरांना दाखवली. बराच वेळ पाहत राहिले. “तुझ्याकडे नीट राहील,” एवढंच म्हणाले.

६ मार्च

जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

धातू कापला की कडेला खरबरीत कड उठते, तिला आम्ही बर म्हणतो. यंत्राच्या भागावर बर दिसला की मी तो भाग नापास करते. रोजचं काम आहे. आणि घरी येऊन याच बरावर जीव टाकते! बाई ड्रायपॉइंट करतात, म्हणजे सुई थेट तांब्यावर ओढायची. रेघेच्या दोन्ही कडांना बर उठतो, शाई धरून ठेवतो आणि कागदावर रेघ मखमलीसारखी उतरते. प्रत्येक छापेला दाबाखाली तो थोडा चेपतो. दहा-बारा छापांत खेळ खलास. म्हणून आधीच्या छापा गडद, नंतरच्या फिक्या. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेल्या क्रमांकावरून यातलं काही कळत नाही. कागद वाळले की हाताला येतील तसे क्रमांक घालतात. लोक तरी ‘एक नंबर’साठी भांडतात. भांडोत बापडे.

माझ्या कागदावर चेहऱ्याच्या रेघांचा बर ताजा आहे. कुठेही चेपलेला नाही. खुर्ची आणि दार जरा फिकं आहे, तिथली शाई जास्त पुसली गेली असणार.

निष्कर्ष – ही पहिलीच छाप. खात्री आहे.

७ मार्च

आईला दाखवली. “हिचं तोंड का एवढं काळं?” मग, “कपड्यांना कपाट पुरत नाही आणि कागदांना सहा ड्रॉवर. सासरी हे सगळं नेणार आहेस का?”

सासर कुठलं, ते विचारलं नाही. विचारलं की सांगत बसते.

१० मार्च

वर्षअखेर बाईंचं मोठं प्रदर्शन आहे. ते मांडणारा तो चष्मेवाला माझ्या ओळखीचा. त्याला कागदाचा फोटो पाठवला. लगेच फोन – ही कुणीच पाहिलेली नाही, तुम्हाला कुठे सापडली, प्रदर्शनासाठी द्याल का? मी म्हटलं, बघू. आधी बाईंची सही घेते. सही झाली की प्रश्नच मिटला.

१२ मार्च

बाईंकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. छोटं छापयंत्र आहे, पण त्यावर चादर घालून इस्त्री करतात.

काय करतेस, विचारलं. धातू तपासते, म्हणाले. “मग मला तपास. मीही गंजलेय.” चहा त्यांनीच केला. मी बशीतून पीत नाही म्हणून चिडवलं. मला त्या आवडल्या. तसं दाखवलं नाही.

मग कागद उलगडला.

त्यांनी हात लावला नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मास्तरला फाडायला सांगितला होता हा.”

सही कराल का, विचारलं.

“नाही.” आणि मग, “ठेवून जा इथे.”

मी ठेवला नाही. कागद माझा आहे. नीट गुंडाळून आणला.

१५ मार्च

मास्तरांना गाठलं. हो, म्हणाले, बाईंनी फाडायलाच सांगितला होता. नको असलेली छाप छापणाऱ्याने फाडायची, हा धंद्याचा रिवाज. एरवी ढिगाने फाडल्यात. “पण हा इतका सुंदर उतरला होता, हातच उठेना.” बाईंना सांगितलं, फाडला. त्यानंतर टिपकागदात घातला तो घातलाच.

सगळं स्पष्ट आहे. पहिली छाप काढली, बाईंना काळी वाटली, नाकारली. त्यांना वाटतंय शाई जास्त झाली. शाई नव्हे, बर आहे. हे दाखवता येतं. मोठे केलेले फोटो काढून नेते. माणसाला पुरावा दिला की पटतं.

२० मार्च

पटलं. पण मला.

फोटो टेबलावर मांडले, क्रमाने समजावून सांगितलं. माझं झाल्यावर बाई म्हणाल्या, “छान शिकवतेस. आता तो खालचा ड्रॉवर उघड.”

त्यात त्यांची स्वतःची प्रत होती. बारांतली. दोन्ही शेजारी ठेवल्या.

त्यांच्या प्रतीत दाराशी बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर उजेड आहे आणि ती हसतेय. बँकेतल्या काचेत मला चेहरा दिसलाच नव्हता. माझ्या प्रतीत हसू नाही. रेघांवर रेघा, आणि त्यातून वर बघणारे दोन डोळे.

“खुर्ची बघ,” बाई म्हणाल्या.

खुर्ची माझ्या प्रतीत फिकी. त्यांच्या प्रतीत मखमल. म्हणजे माझ्या छापेआधी प्लेट झिजून गेली होती. फक्त चेहरा नव्याने ओरखडलेला. पहिली नव्हे, शेवटची! मी चेहराच मोजला, कारण तो सगळ्यात गडद होता. नमुना घ्यायची ही पद्धत आमच्या लॅबमधल्या शिकाऊ मुलीने वापरली असती तर मी तिला परत पाठवलं असतं.

“मोजमाप बरोबर आहे तुझं,” बाई म्हणाल्या. “क्रम उलटा.”

मग सांगितलं. बसलेली त्यांची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती लहान होती, बाईंनीच वाढवली. चित्रासाठी बसवलं, हस म्हटलं, हसली. बारा प्रती झाल्या आणि महिन्याभरात ती न सांगता घर सोडून गेली. दुसऱ्या शहरात नोकरी धरली, पत्तासुद्धा कळवला नाही. बाईंनी प्लेट काढली आणि तिच्या चेहऱ्यावर सुई चालवली. खोडायचाच होता. मास्तरांकडून एक छाप काढून घेतली, ती पाहिली, फाडा म्हणाल्या. प्लेटवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ मारून टाकली, म्हणजे परत कुणी छापायला नको.

“त्याआधी इतकं चांगलं काम माझ्याकडून झालं नव्हतं. नंतरही नाही. आणि ते कशातून झालं बघ.”

बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. आता रविवारी बहिणीचा फोन येतो. गुडघे, औषधं, कामवाली. त्याच्यापलीकडे दोघी जात नाहीत. “तेवढं मला पुरतं,” म्हणाल्या. “हे तिने पाहिलं तर तेवढंही जाईल.”

कागद मागितला नाही त्यांनी. मास्तरने दिला, तू घेतलास, तुझा आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या ड्रॉवरमध्ये राहील, कुणाला दिसणार नाही.

चष्मेवाल्याला पाठवलेल्या फोटोचं बोलले नाही.

२१ मार्च

चष्मेवाल्याला फोन. फोटो पुसून टाका, कागद प्रदर्शनाला मिळणार नाही. तो ठीक आहे म्हणाला. बिचारा खूप सभ्य आहे. आणि मग – पण मी बाईंच्या बहिणीला पाठवलाय, परवाच. प्रदर्शनासाठी आठवणी लिहून देतायत ना त्या. चित्रात त्याच आहेत असं कळलं, म्हटलं त्यांना आनंद होईल.

२२ मार्च

काम केलं. चार भाग नापास. चारही खरोखर नापास होते, दोनदा पाहिलं.

२३ मार्च

रविवार. संध्याकाळी बाईंना फोन केला, काही कारण काढून. आवाज ठीक नव्हता. बहिणीचा फोन आला नाही म्हणाल्या. लाइन बिघडली असेल, असंही त्याच म्हणाल्या.

मी काय झालंय ते सगळं सांगितलं. एका दमात, मध्ये न थांबता. त्यांनी ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ मार्च

दुपारी कामावर फोन. अनोळखी नंबर. “मी दाराशी बसलेली बोलतेय.”

चष्मेवाल्याकडून नंबर घेतला होता. एकच विचारायचं होतं – ही छाप आधीची की नंतरची? नंतरची, तुम्ही गेल्यावरची, असं मी सांगितलं. रागात केलेली, तेही सांगितलं. इथे गोलमाल उत्तर देऊन चाललं नसतं.

मग म्हणाल्या, “त्या खुर्चीत मी जायचं ठरवूनच बसले होते. ताईला कळू नये म्हणून हसत होते. तिला कळलंच नाही, याचाच मला राग होता इतकी वर्षं.”

मी हातातला भाग खाली ठेवला.

“नंतर का होईना, पाहिलं तिने मला.”

उद्याच्या गाडीने येतायत. ताईला सांगू नकोस म्हणाल्या, ती घर आवरत बसेल.