उंबऱ्यावरचा बोंबील

सालवड, मंगळवार

प्रिय उन्नती,

फोनवर मी "वाकटी मजेत आहे" म्हणालो, ते खोटं होतं. तुझी कुत्री अकरा दिवस नीट जेवत नाही. मोटारींचं वाइंडिंग मी कुणाकडे न शिकता केलं, तसं हिचंही जमेल म्हणून घरीच औषध देत राहिलो. काल पालघरचे डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात. फार तर दोन दिवस."

येताना स्कूटर मुद्दाम किनाऱ्याने, नवापूरवरून आणली. दहावीत असताना तू न्यायचीस तशीच वाकटी पायांशी, वेग वीसच्या आत. बोंबील वाळत होते. तिच्यामागे कायम काठी घेऊन धावणारी नलूमावशी म्हणाली, "चोरटी आज उतरत नाय? आजारी हाय काय?" आणि स्वतःच एक बोंबील काढून तिला दिला.

तिने तो खाल्ला नाही. सव्वासात किलोमीटर तोंडात धरून आणला आणि पूर्वी चोरून आणायची, तसाच तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला. मी अजून उचललेला नाही.

पत्र पुण्याला पोचायला चार दिवस लागतील. म्हणून हे खणात ठेवतो आणि तुला फोन लावतो.

तुझा,
बाबा