उणे चार अंश

मालवण, २६ जुलै

प्रिय सत्यवती विश्राम खवणेकर,

तुला पूर्ण नावाने संबोधण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. बोटीच्या परवान्यावर तुझे नाव असेच आहे आणि गेले तीन महिने मी ते इतक्या अर्जांत लिहिले, की आता दुसरे कोणतेही संबोधन हातून उतरत नाही. अर्जात त्या नावाआधी 'मयत' लिहावे लागते. येथे लिहीत नाही.

विषय बोटीवरच्या शीतयंत्राचा आहे. मासेमारीची बंदी उठायला थोडेच दिवस उरले आहेत आणि ते जुने यंत्र दुरुस्त करावे की बदलावे, हे मला ठरवायचे होते. तू असतीस तर माझ्यापर्यंत हा प्रश्न आलाही नसता. बोट तुझ्या माहेरची, धंदा तुझा. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारा, होडीत बसले की ओकणारा मनुष्य. त्या बोटीत माझे म्हणावे असे एकच होते, ते हे यंत्र. मासे ठेवण्याच्या खणाच्या जाड भिंती, त्यांतल्या तांब्याच्या नळ्या, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, सगळा आराखडा मी केला होता. पण प्रश्न यंत्राचा दिसत असला तरी मला खरे ठरवायचे होते ते वेगळेच: तुझ्या वडिलांच्या वेळेपासून बोट चालवणाऱ्या लवू तांडेलावर विश्वास ठेवायचा, की त्याला काढून बोट विकून टाकायची.

लवूविषयी मला प्रथम शंका आली ती त्याच्या उत्तरामुळे. यंत्र बदलू या का, असे विचारले तर कोणताही तांडेल नवे मागेल. हा म्हणाला, "नको सर, आसा तसांच रवांदे. बायक सगळां ठावक हुतां." बाय म्हणजे तू. तुला काय ठाऊक होते, असे विचारल्यावर तो जाळ्याच्या गाठी तपासू लागला. मी देवगडहून अतहर नावाच्या कारागिराला बोलावले. तो येण्याच्या आदल्या दिवशी लवूने त्याला फोन केला होता, हे मला अतहरच्याच तोंडून कळले. काय बोलणे झाले, विचारले तर तो हसला. दोघे मिळून मला बनवणार, अशी माझी खात्री झाली आणि मी दोघांच्याही नकळत यंत्राचे फोटो काढून ठेवले.

अतहरने इंजिन सुरू केले. कॉम्प्रेसर उत्तम गुणगुणला. अर्धा तास झाला तरी नळ्यांवर दव म्हणून धरले नाही. मग त्याने गॅस भरण्याच्या तोंडावरचे टोपण पान्याने फिरवून पाहिले. ते गंजून एकजीव झाले होते आणि त्यावर रंगाचे चार थर होते. "सर, ह्येच्यात धा-अकरा वर्सां कोणी गॅस भरूक नाय. ह्यां नुसता आवाज करता." मी त्याला सांगितले की हे अशक्य आहे. दर नारळी पौर्णिमेला, बोट पाण्यात जाण्याआधी, मी स्वतः खणाचे तापमान घेत आलो आहे. वहीत नोंदी आहेत. उणे चार, उणे साडेतीन, उणे चार. अतहरने वही आदराने पाहिली आणि मला परत दिली.

मग मी बंदरावरच्या आपल्या खोलीची झडती घेतली. झडती हाच शब्द योग्य आहे. जाळी, दोर, बोया, मिठाची पोती, आणि मेजाच्या खणात एक चिठ्ठी, तुझ्या अक्षरात: "लवू, पुनवेदिवशी फाटफटी ये. सर उठायच्या आधी सगळां आटपाक होया. कोणाक बोलू नको." पहाटे, मी झोपेत असताना. सत्यवती, त्यानंतरच्या चार दिवसांत माझ्या मनात जे आले ते मी कागदावर उतरवणार नाही. लवूला बोलावून मी एवढेच म्हणालो, की हिशेब जुळत नाही, बोटीच्या आणि खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे दे. त्याने कारण विचारले नाही. ते न विचारणेही मी त्याच्याविरुद्ध धरले.

काल त्याची बायको यशोदा दारात आली. चप्पल न काढता उभी राहिली. "बर्फ फोडून फोडून माझ्या घोवाचे हात गेले, आनि तुमी त्येका चोर म्हणतास?" मी म्हणालो, चोर असा शब्द मी वापरलेला नाही. "वापरूक नाय, पन किल्ल्यो घेतल्यात ना? मग आयका. तुमचां मशीन पयल्याच पावसात मेलां. खाऱ्या वाऱ्यान नळये खाल्ल्यान. तेव्हाच तुमचां ओरोसाक भाषण हुतां. बाय म्हणाली, चार लोकांत सरांची फजिती नको, येक वर्स ढकलूया. येकाची अकरा झाली. आमी आपला बर्फ भरी रवलों. आनि पुनवेक तुमच्या थर्मामीटराक थंडी वाजाक होयी, म्हणान बर्फात मीठ. त्या कारागिराकव माझ्या घोवान फोन करून सांगल्यान, सरांका जपान सांग."

याच यंत्रावरचे ओरोसचे ते व्याख्यान तुला आठवत असेल. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. थंडी निसटू नये म्हणून खणाचे झाकण उघडायचे नाही, तापमान बाहेरच्या भोकातूनच घ्यायचे, हा नियमही माझाच. त्या भोकापाशी तुम्ही मिठाचा बर्फ ठासत होता. बर्फात मीठ घातले की पारा शून्याखाली का जातो, हे आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात आंब्याच्या आइस्क्रीमचा संचा फिरवताना मी तुला समजावले होते. तू जांभई दिली होतीस.

यशोदा गेल्यावर माझा संशय निवला, असे मी लिहू शकत नाही. त्याने फक्त घर बदलले. कंबरेचे दुखणे किरकोळ आहे, असे तू वर्षभर सांगितलेस. ओरोसच्या डॉक्टरांनी दुखणे जुने असल्याचे सांगितले, तेव्हा फार उशीर झाला होता. तेथेही तू माझ्यासाठी एक भोक ठेवले होतेस का, जेथून मला हवा तोच आकडा दिसावा? आणि मी झाकण का उघडले नाही? आज सकाळी मी लवूला विचारले, की इतकी वर्षे मला काहीच कसे दिसले नाही. त्याने खणाच्या भिंतीवर हात फिरवला. मग म्हणाला, "सर, भिंती तुमच्यो बऱ्यो आसत. त्येंच्यात बर्फ सा दिस टिकता. दुसऱ्या बोटींत तीन. बाय सगळ्यांका सांगी, ह्यो भिंती आमच्या सरांच्यो."

तेव्हा निर्णय असा: यंत्र दुरुस्त करायचे नाही, बदलायचेही नाही. अतहर उद्या ते काढून नेईल. खणात बर्फ भरला जाईल, झाकण उघडे ठेवून, सर्वांसमक्ष. बोट लवू चालवील. हे कळवण्यासाठी मात्र मी पत्र लिहिलेले नाही. ते चार दिवस मी तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. तू अकरा वर्षे माझी लाज राखलीस, आणि मला तुझ्यावर संशय घ्यायला एक चिठ्ठी पुरली. लवूची क्षमा मी आज जेटीवर, लोकांदेखत मागितली. तो इतका संकोचला की पाण्यात पडायचा राहिला. तुझी मागायला मला हा कागदच उरला आहे. फोटो सरळ केला आहे. बंदरावरच्या खोलीचे दार सायंकाळी मी कुलूप लावून बंद केले, आणि सर्व किल्ल्या लवूला परत दिल्या.

तुझाच,
विश्राम