न साठलेला स्कॅन

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी नोकरी, म्हणून नवी वही. स्कॅन सेंटर आवडलं. खोली तळघरात आहे, पण उजेड लख्ख, खुर्ची न करकरणारी, चहा दिवसातून दोनदा आणि तोही गरम. काम सरळ आहे. स्कॅनच्या यंत्रातून आलेली चित्रं एका डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कवर साठतात, तिथून सीडीवर उतरवून पेशंटला देतात. तो डेस्कटॉप आणि वरच्या मजल्यावरचे सहा मी सांभाळायचे. काउंटरवरच्या मावशींनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या डब्यातला अर्धा वाटा माझ्यापुढे सरकवला आणि सांगितलं, की सगळ्यांशी गप्पा मार, मॅनेजरशी मात्र कामापुरतं बोल. मी हसले. माझा तापटपणा त्यांना अजून ठाऊक नाही. आधीच्या दोन नोकऱ्या माझ्या जिभेने घालवल्या. आईने आज निघताना बजावलंय, तोंडाला कुलूप लाव.

४ नोव्हेंबर, मंगळवार

डेस्कटॉपचं दुखणं जुनं आहे. चालू केल्यावर कधी हार्ड डिस्क दिसते आणि सीडी ड्राइव्ह नाही, कधी उलट, कधी दोन्ही गायब. सॉफ्टवेअरच्या नावाने खडे फोडण्याआधी पेटी उघडावी, ही माझी सवय. आत धुळीची गोधडी. वीज बंद करून डेटा केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा बसवली. मदरबोर्डवरची खाच बदलली. केबलच नवी लावली. तरी तेच. मग दिसलं, की डिस्क आणि सीडी ड्राइव्ह या दोघांना वीज एकाच दुफाट्यातून, म्हणजे एका वायरीची दोन टोकं करणाऱ्या जोडातून जाते, आणि त्यातली एक पिन दबलेली आहे. कोणी सीडीचा ट्रे जोरात ढकलला, की डिस्कची वीज तुटणार. दुफाटा फेकला, दोघांना वेगळी वीज दिली. सेटिंगच्या पडद्यावर दोन्ही नावं शहाण्यासारखी उमटली. दिवसभर एकदाही अडलं नाही. मॅनेजर डोकावून गेले, म्हणाले एवढ्याशा कामाला दीड तास लागतो का. जीभ चावली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज काउंटरपाशी एक काका उभे होते. पन्नाशीचे, शर्ट नीट खोचलेला, हातात कापडी पिशवी. त्यांची बायको शाळेत शिक्षिका होती. डोकं दुखतं म्हणून मार्चमध्ये तिचा स्कॅन इथे झाला, रिपोर्ट नॉर्मल आला, जूनमध्ये ती गेली. त्यांना त्या स्कॅनची सीडी हवी होती, एवढंच. मॅनेजरनी मान वर न करता सांगितलं, रेकॉर्ड नाही. काका म्हणाले, बरं, उद्या येतो. मावशी म्हणाल्या पाच महिने रोज येताहेत.

स्कॅनचं यंत्र स्वतःच्या चुका लिहून ठेवतं. मी त्या चाळल्या. बारा मार्च, दहा चाळीस ते दोन, हार्ड डिस्क सापडली नाही. तेवढ्या वेळात पाच स्कॅन झाले होते, म्हणजे पाचांतला एकही साठला नाही. मावशींना विचारलं. त्या भडाभडा बोलल्या. पाच जणांना परत बोलवायचं तर सेंटरची शोभा झाली असती, म्हणून मॅनेजरनी पाचही रिपोर्ट नॉर्मल छापून दिले. डॉक्टरची सही शिक्क्याने. चौघं वाचले ते त्यांच्या नशिबाने.

एका दबलेल्या पिनेपायी. घरी येऊन भांडी आपटली. आई काय झालं विचारत राहिली, मी दार लावून घेतलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी सीडीचा ट्रे आपोआप बाहेर आला. आत सीडी होती, कोमट. मी ठेवली नव्हती. आत ढकलून उघडली. वर शिक्षिकेचं नाव, बारा मार्च, अकरा वाजून पाच मिनिटं. कधी साठलीच नाहीत ती चित्रं. उजव्या कानामागे बोराएवढा पांढरा डाग. मला डॉक्टरकी येत नाही, पण हा कोणालाही दिसला असता.

भीती कमी, संताप जास्त. तडक मॅनेजरकडे गेले, तिथे चुकलं. त्यांनी सीडीचे दोन तुकडे केले. मग अगदी शांतपणे सांगितलं, की दुरुस्तीच्या वहीत सही माझी आहे, नोंदींशी खेळ केला तो मीच, हे पोलिसांना कळवायला एक फोन पुरतो. डिस्क पुसायची. त्या बाईंची फाइलही.

१० नोव्हेंबर, सोमवार

पुसली. सगळं पुसलं, पत्त्यासकट.

काका आले तेव्हा मावशी जागेवर नव्हत्या. रेकॉर्ड नाही, हे मीच म्हणाले. काका म्हणाले, तू तरी नीट शोधलंस ना पोरी. मी हो म्हणाले. त्यांनी माझे आभार मानले.

स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ट्रे उघडला. तीच सीडी, तोच डाग. घाबरून मोडली. पुन्हा ट्रे. डेटा केबल काढली. वीज काढली. ड्राइव्ह पेटीतून उपसून टेबलावर ठेवला, एकही वायर नाही — ट्रे बाहेर आला. या वेळी सीडीने बोट भाजलं.

ही मोडली नाही. ही काकांची. दिवसभर काउंटरपाशी थांबले. काका आले नाहीत. मावशी म्हणाल्या पाच महिन्यांत पहिल्यांदा. कशाला येतील, मी नीट शोधलं होतं ना. आणि पत्ता — तोही मीच पुसलाय.

छातीत नुसता जाळ. तो सगळा माझा नाही. माझ्या तोंडात दुसरंच कोणीतरी दात खातंय.

१२ नोव्हेंबर, दुपार

हार्ड डिस्कही काढून ठेवली होती. पेटी रिकामी. तरी पडद्यावर स्कॅन. शिक्षिकेचा नाही. मॅनेजरांचं नाव, आजची तारीख. ते कधी यंत्रात शिरलेलेच नाहीत. उजव्या कानामागे डाग, बाईंच्या डागापेक्षा मोठा.

तेवढ्यात ते स्वतः खाली आले. पडद्याकडे पाठ करून कपाळ दाबत उभे. म्हणाले चार दिवस डोकं ठणकतंय, आपल्याकडेच स्कॅन करून घ्यावा का. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, काही गरज नाही, नॉर्मल असेल. आवाज माझाच होता.

ते जिना चढून गेले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं — हे लिहायलाही —

१३ नोव्हेंबर, सकाळ

मॅनेजर जिन्यात कोसळले. इस्पितळात नेलंय. शुद्ध नाही. मावशी रडताहेत, मला रडू येत नाही. अजून सांगता येईल. कानामागे बघा, एवढंच. फोन समोर आहे.

अकरा वाजता

तिथल्या डॉक्टरांनीच फोन केला. विचारलं, यांचा आधीचा एखादा स्कॅन तुमच्याकडे आहे का. पडद्यावर होता. माझ्यासमोर. मी नाही म्हणाले. का म्हणाले — मी हो म्हणणार होते, तोंड उघडलं आणि —

फोन परत लावते. आत्ता.

लागत नाही —

टेबलावर ट्रे उघडला. मी हात लावलेला नाही. लावणार नाही. पडदा बदलला. नाव माझं. तारीख उद्याची.

पहिलं चित्र साफ. दुसरं साफ. तिसरं उतरतंय, वरून खाली, एकेक रेघ. कपाळ. भुवया. आता कानाच्या —