एकतीस नंबरची नळी

३ फेब्रुवारी

दिलं! ज्ञानूनं रक्त दिलं एकदाचं!

एवढा पैलवान गडी, लाल मातीत भल्याभल्यांना आस्मान दाखवलेला, आणि सुई बघितली की पाय लटपटतात. वर्षभर मागं लागलेय त्याच्या. वडील, आबा, लिव्हरच्या कॅन्सरनं गेले, पाठोपाठ थोरला भाऊ, दादा. दोघांनी दारूला कधी हात लावला नाही. कावीळसुद्धा नव्हती. कळलं तेव्हा पोटं फुगलेली आणि डॉक्टरांनी हात टेकलेले. आता माहेरात भाऊ म्हणून हा एकटाच. त्याचं आपलं एकच पालुपद — “आक्का, म्हशीच्या धारेखाली वाढलोय मी, मला काय हुतंय?”

काल माहेरी, गडमुडशिंगीत, आमच्या लॅबचं रक्ततपासणीचं शिबिर होतं. घरच्या माणसाचं रक्त आपण घ्यायचं नाही असा नियम, म्हणून मी गेले नाही. लॅबमधली स्वप्नाली गेलती. म्हणाली, “अगं, ही गर्दी! नावं पुकारून माझा घसा बसला, सुया टोचून गावातल्या नर्सचे हात दुखले.” माझ्या विजूला मुद्दाम मामाबरोबर धाडलं होतं. म्हटलं, धरून ने, नाहीतर वैरणीच्या गंजीमागं लपेल. गुणाचं लेकरू! कागलच्या कारखान्यातनं पहिली पाळी करून आला आणि चहा न घेता गेला. संध्याकाळी ज्ञानूचा फोन — “झालं बाई रक्त. आता तरी गप बस.”

गप बसते!

१२ फेब्रुवारी

झोप येईना म्हणून दिवा लावून लिहितेय.

लिव्हरमधल्या बिघडलेल्या पेशी मरतात, त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात. त्या तुकड्यांवर काही खुणा असतात. गाठ सोनोग्राफीत दिसायच्या आधी या खुणा रक्तात सापडाव्यात, एवढ्यासाठी आमचा सगळा खटाटोप. आजवर सापडल्या त्या आधीच अंथरुणाला खिळलेल्यांच्या रक्तात. त्याचा काय उपयोग?

आज शिबिराच्या नळ्या तपासायला लावल्या. एकतीस नंबरमध्ये खुणा दिसल्या. परत लावली. परत त्याच!

प्रियदर्शनी मॅडम, आमच्या प्रमुख, खुर्चीतून उठल्याच. “चालत्याबोलत्या माणसात! पहिल्यांदा!” मग त्यांनी नावांची यादी उघडली. यादी माझ्याकडं सरकवली.

एकतीस — ज्ञानू.

१३ फेब्रुवारी

सांगायचं नाही म्हणे. कुणालाच नाही. चाचणी अजून पक्की नाही, उगाच माणूस घाबरून मरेल. ‘सगळ्यांचंच स्कॅन करतोय’ असं सांगून आणायचं.

सख्ख्या भावाशी खोटं बोलले.

विजू म्हणतो, “आई, तोंड का पडलंय? नळ्या फुटल्या काय तुझ्या? माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त जपतीस.” हसून वेळ मारून नेली.

२० फेब्रुवारी

ज्ञानूची सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला. काहीच नाही! डॉक्टर म्हणाले, “पैलवान, खणखणीत लिव्हर आहे तुमचं.” हा बाहेर येऊन मिशीला पीळ देतोय — “बघितलंस आक्का? उगं पोराटकीगत घाबरतीस.”

मला कळेना, हसू का रडू. गाठ फार बारीक असली तर? की आमच्या खुणाच खोट्या? खुणा खोट्या असल्या तर भाऊ वाचला आणि सहा वर्षांचं काम पंचगंगेत. जाऊ दे पंचगंगेत! भाऊ वाचू दे.

मॅडम म्हणाल्या, रक्त परत घ्या.

२४ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा रक्त घेतलं त्याचं. यावेळी लॅबमध्ये, स्वप्नालीनं घेतलं आणि मी हात धरून बसलेले. घामानं चिंब, डोळे मिटलेले, तोंडानं जोतिबाचं नाव. शेवटी चक्कर आलीच! मी म्हटलं, “जन्मात पहिल्यांदा टोचून घेतोयस काय?” मान फिरवून घाम पुसत बसला.

४ मार्च

स्वच्छ! एक खूण नाही!

अंबाबाई, आई, तुझी ओटी भरते. उद्याच भरते.

७ मार्च

ओटी भरून दोन दिवस होतायत तोवर लॅबमध्ये वीज पडावी तसं झालं. मॅडमनी दोन्ही नळ्यांमधला डीएनए ताडून बघितला. पहिलं रक्त आणि दुसरं रक्त एका माणसाचं नाहीच. दोन वेगळी माणसं!

म्हणजे अदलाबदल झालीय. “नळ्या तुझ्याच हातातून गेल्या ना?” मॅडम हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी चूक असेल तर असू दे, नोकरी गेली तर जाऊ दे. पण ती खूण खरी आहे! कुणाच्या तरी पोटात ते वाढतंय. आज बारीक असेल, कापून काढता येईल. दादाचं चार महिन्यांत कुठल्या कुठं गेलं होतं. आणि तो माणूस कोण, हेच आम्हाला ठाऊक नाही. कुठंतरी ऊस तोडत असेल नाहीतर रिक्षा चालवत असेल, निवांत.

११ मार्च

शिबिरातल्या सगळ्यांना परत बोलवायचं ठरलं. मीच दारोदार हिंडतेय. चिमणाबाई म्हणून एक म्हातारी आहे, दारातच आडवी झाली — “आमच्या रक्ताचा रस्सा करताय काय गं बाई? नेलसा की गेल्या बारीला!” पाया पडले तिच्या. मग दिलं तिनं, वर ताक पाजलं.

१७ मार्च

एकजण गोव्याला कामाला गेलाय. त्याच्यासाठी स्वप्नाली एसटीनं गोव्याला गेली. बिचारी माझ्याशी धड बोलत नाही. तिला वाटतं, मला वाटतं की चूक तिची आहे. मला काही वाटत नाही. मला तो माणूस पाहिजे.

२८ मार्च

सगळे आले. सगळ्यांचं रक्त ताडून झालं. प्रत्येकाची नळी ज्याची त्याचीच आहे. अदलाबदल झालेलीच नाही!

एकतीस नंबरचं रक्त कुणाशीच जुळत नाही. त्या शिबिरात असा माणूसच नव्हता. मग रक्त काय आभाळातून पडलं?

मला वेड लागेल.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. माझी श्रीखंडाची वाटी विजूपुढं सरकवली.

२ एप्रिल

मंडईत गेले आणि नुसती माणसं बघत राहिले. मेथीवाला असेल? हा असेल, पोराला खांद्यावर घेतलेला? हसतोय किती! एकाच्या मागं रंकाळ्यापर्यंत चालत गेले. का, ते माझं मलाच कळलं नाही.

मॅडमनी आज सांगितलं, सोमवारी अहवाल पाठवायचा — नमुना सदोष, नोंद रद्द. मी म्हटलं, “मॅडम, रद्द नोंद होईल, गाठ नाही होणार.” त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, “मग आणखी कुठं शोधायचं, तू सांग.”

आबांच्या वेळी काही करता आलं नाही. दादाच्या वेळीही नाही. आता एक माणूस वेळेत सापडलाय आणि तोही हातातून चाललाय. देवा, कुणीतरी येऊन सांग की रे.

५ एप्रिल

ज्ञानू खरवस घेऊन आलता. माझी दशा बघून म्हणाला, “आक्का, काय खातंय तुला? बोल की!” नियम गेला चुलीत. पायरीवर बसून सगळं सांगितलं — खुणा, एकतीस नंबर, न सापडणारा माणूस.

ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढराफटक. मग म्हणाला,

“आक्का, मी त्या दिवशी सुई टोचूनच घेतली न्हाय. भ्यालो. माझं नाव पुकारलं, तवा माझ्या जागी विजू बसला. ‘मामा, आईला सांगू नको,’ म्हणाला.”

ज्ञानू अजून पायरीवरच आहे, तोंडात टॉवेल कोंबून. विजू आत जेवतोय. भाकरी मागतोय.