घरच्याला पाटी कशाला

१२ जून

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

ह्यांचा खांदा आता थोडा हलतो. बोटं नाहीत, आणि कमरेखाली तर काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, मानेचा मणका मोडून आतली मज्जारज्जू चिरडली, ती पुन्हा जुळत नाही. हे मात्र ऐटीत सांगतात की लग्नाला इतकी वर्षं झाली तेव्हा कुठे बायको हाताने भरवायला लागली. मी हसते आणि स्वयंपाकघरात जाऊन रडते.

दावा माझ्या लॉजवर लावा, भरपाई विमा कंपनी देईल, हे तुम्हीच सुचवलंत म्हणून मी सही केली. काल कंपनीचा माणूस आला होता. दुरुस्तीसाठी पोहण्याच्या तलावातलं पाणी उतरवलं तेव्हा उडी मारू नका अशी पाटी लावली होती का, एवढंच त्याला हवं होतं. नसेल तर विम्याची अट मोडली, कंपनी अंग काढून घेणार आणि सगळं तुमच्या गळ्यात. असेल तर दोष उडी मारणाऱ्याचा, आम्हाला कोणीच काही द्यायचं नाही. ह्यांनी शांतपणे सांगितलं, पाटी होती, मी पाहिली, तरी सूर मारला. कोर्टातही हेच सांगणार म्हणतात. ताईचं लॉज जायला नको, हाच धोशा. तुमचं ते ऐकतात. त्यांना थांबवा.

लोभ आहेच, तो या दिवसांत जरा जास्त लागेल.

तुमची भावजय


१८ जून

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

हवेची गादी पाठवते आहे. तिने पाठीला जखमा होत नाहीत म्हणे. पंपाचा आवाज येतो, पण आपल्या पाणकोंबड्याच्या घोरण्यापुढे तो काहीच नाही.

तो पहिल्यापासून हट्टी, मी काय बोलणार? वकिलांनी मला तोंडाला कुलूप लावायला सांगितलंय. तुझे भावोजी गेल्यावर या लॉजवरच मी उभी राहिले गं, दुसरं काही येत नाही मला. तुम्ही दोघं इकडेच या. खालची खोली रिकामी करते, दाराला उतार करून घेते. जन्मभर काही कमी पडू देणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


२४ जून

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

गादी मिळाली, चांगली आहे. मोठ्यांना उलट लिहू नये, पण आज लिहिते.

त्या खालच्या खोलीतून तलाव दिसतो. मी तिथे राहणार नाही. आणि तुमच्या दयेवर तर मुळीच नाही, कारण उद्या तुम्हाला काही झालं तर आम्ही कोणाच्या दारात जायचं?

पाटी कुठे होती ते तुम्ही दवाखान्यात माझ्या गळ्यात पडून सांगितलंत. चादरींच्या खोलीत. पाहुणे उठले की लावणार होतात, त्याआधी घरचाच माणूस येतो, त्याला पाटी कशाला. मी ते कोणाला बोलले नाही. पंधरवड्यावर साक्ष आली. ह्यांना स्वतःचं नाक खाजवता येत नाही आणि तुमचं ओझं उचलायला निघालेत. तुम्ही उचलू देणार का, एवढंच कळवा.

आज लोभाचं काही लिहीत नाही.

तुमची भावजय


१ जुलै

चि. पाणकोंबड्यास,
अनेक आशीर्वाद.

बायकोकडून वाचून घे आणि मध्ये तिला थांबवू नकोस.

काल कंपनीत जाऊन लिहून दिलं की पाटी लावली नव्हती. वकील डोक्याला हात लावून बसले. बसू देत. तू पहाटे धावत येऊन सूर मारायचास, तो आवाज मला अंथरुणात यायचा आणि त्यावर मी उठायचे. त्या दिवशीचा आवाज वेगळा होता. तो ऐकलेल्या बाईने गप्प बसून तुझ्यावर दोष येऊ द्यायचा, हे मला इतके दिवस जमलं, याची लाज वाटते.

लॉज विकायला काढलं आहे. येईल ते तुझं. मला मेलीला राहायला जागा लागेल, तर तुमच्याकडे येईन म्हणते. कूस बदलायला दोन माणसं लागतातच. वहिनीला विचार. ती नको म्हणाली तर तिचं बरोबर आहे, वाद घालू नकोस.

आणि आता कोर्टात पाटी होती म्हणालास, तर आपल्या दोघांत खोटा तूच ठरशील. सही केलेला कागद माझ्याकडे आहे, बच्चमजी.

राग हवा तेवढा धर, लोभ मात्र सोडू नकोस.

तुझी ताई